जोसॉन दरबारातल्या अधिकाऱ्यांची चित्रं: चेहऱ्यावरचा एकही वण का लपवला नाही?

सुवर्णरेखा

कोरियात जोसॉन राजवट 1392 पासून 1910 पर्यंत टिकली. त्या काळात दरबारी अधिकाऱ्यांची जी व्यक्तिचित्रं काढली गेली, ती सध्या मी झपाटल्यासारखी बघतेय. डोक्यावर दोन पंखांची काळी टोपी, गोल गळ्याचा अंगरखा, छातीवर पक्ष्याची किंवा वाघाची भरतकाम केलेली चौकट, हात बाह्यांत लपवलेले. कोरियन ऐतिहासिक मालिका बघणाऱ्यांना हा वेश पाठ असेल.

नजर खिळते ती चेहऱ्यांवर. छे जे-गोंग (1720 ते 1799) हा जॉंगजो राजाचा अत्यंत विश्वासू मंत्री. त्याचं 1792 चं चित्र बघा. त्याचे डोळे तिरळे आहेत आणि चित्रात ते तिरळेच आहेत. नजर खाली घालून चित्रकाराला ते सहज झाकता आलं असतं. ई म्यॉंग-गी या चित्रकाराने दोन्ही बुबुळं जिथे होती तिथेच रंगवली. इतरांच्या चित्रांत देवीचे वण आहेत, चामखीळ आहेत, नाकावरचे खड्डे आहेत.

चित्रकार सरकारी नोकर, समोर बसलेला माणूस राज्यातल्या सर्वात वजनदार लोकांपैकी. "जरा सांभाळून काढ" असं एकानेही म्हटलं नसेल का? की म्हणायची पद्धतच नव्हती? कुणी यावर वाचलं असेल, ही चित्रं प्रत्यक्ष पाहिली असतील, तर सविस्तर लिहा.

कडुनिंब

सुंदर विषय. वाचतोय.

मोडीवाचक

उत्तराचा एक भाग पूर्वजपूजेत आहे. ही चित्रं दिवाणखान्यात मिरवायला काढलेली नव्हती. बरीचशी घराण्याच्या देवघरासारख्या वास्तूत, गुरुकुलांच्या स्मृतिगृहांत ठेवली जात आणि ठरलेल्या दिवशी वंशज किंवा शिष्य त्यांच्यापुढे विधी करत. चित्रातला माणूस तोच हवा, नाहीतर नमस्कार भलत्यालाच.

यामागे एक जुनं वचन आहे. चीनमधला सोंग काळातला तत्त्वज्ञ छंग यी (1033 ते 1107) म्हणाला होता की चित्रात दाढीमिशीचा एक केस जरी जुळला नाही तरी पूजा दुसऱ्याच माणसाची होते. गंमत अशी की तो हे चित्रांच्या विरोधात बोलत होता. चित्र कधीच तंतोतंत जमत नाही, तेव्हा विधीला नाव लिहिलेली लाकडी पाटीच बरी, असा त्याचा मुद्दा. जोसॉनचे विद्वान त्याच परंपरेचे कट्टर पाईक. त्यांनी पाट्याही ठेवल्या, चित्रंही ठेवली, आणि तो आक्षेप चित्रकाराच्या डोक्यावर अट म्हणून बसवला: एक केस चुकला तर माणूस बदलला. चित्रबंदीसाठी वापरलेलं वाक्य चित्रकलेचा दंडक झालं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात विलक्षण वळण वाटतं.

डॉ_बकुळ

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे या चित्रांकडे माझी नजर वेगळ्या कारणाने जाते. सोलच्या एका ज्येष्ठ त्वचारोगतज्ज्ञांनी निवृत्तीनंतर कलेतिहासात डॉक्टरेट केली आणि अशी पाचशेहून अधिक चित्रं तपासली. देवीचे वण तर भरपूर सापडलेच, शिवाय कोड, तीळ, मोसे, म्हातारपणाचे डागही. सोंग छांग-म्यॉंग नावाच्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर कोडाचे पांढरे चट्टे स्पष्ट दाखवलेले आहेत.

मला सगळ्यात हलवून गेलेलं चित्र ओ म्यॉंग-हांगचं (1673 ते 1728). 1728 मध्ये मोठं बंड झालं, ते याने मोडलं. त्याबद्दल पहिल्या श्रेणीचा "गुणवंत सेवक" म्हणून गौरव झाला आणि अशा गौरवासोबत राजाज्ञेने चित्र काढलं जाई. आता चेहरा बघा. देवीचे वण आहेतच, पण कातडीचा रंग काळवंडलेला आहे. उन्हाने रापलेला चेहरा असा दिसत नाही. यकृताच्या जुन्या दुखण्यात येते तशी ती मळकट काळसर छटा आहे, आणि अभ्यासकांचंही तेच निदान आहे. तो त्याच वर्षी वारला. म्हणजे सन्मानाचं चित्र काढताना चित्रकारासमोर मरणाच्या वाटेवरचा माणूस बसला होता आणि त्याने तो रंग जसाच्या तसा उतरवला.

वण कसे काढलेत तेही बघण्यासारखं आहे. नुसते ठिपके दिलेले नाहीत. प्रत्येक खड्ड्याची एक कड किंचित गडद, आतली बाजू फिकट, आणि सगळे खड्डे एका मापाचे नाहीत. नाकाच्या शेंड्यावर दाट, कपाळाकडे विरळ. देवीचे वण खरोखर असेच असतात. पाठ्यपुस्तकात घालावं इतकं अचूक निरीक्षण आहे.

नीलकंठी

बकुळताई, अंगावर काटा आला वाचताना.

माझ्या पणजोबांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते असं घरात सगळे सांगतात. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोत मात्र गाल अगदी गुळगुळीत. पूर्वी स्टुडिओवाले काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून असे डाग बुजवायचे, आणि ते छान काम समजलं जायचं. आजी म्हणायची, "फोटो चांगला आहे, पण हे काही ते नव्हेत." मोडीवाचकांनी सांगितलेलं वचन आजीच्या तोंडून ऐकलंय म्हणायचं.

रेघोट्या

चित्रकार म्हणून थोडं कारागिरीबद्दल टंकतो, कारण ही अचूकता नुसत्या हुकमाने येत नाही.

आधी कच्चं चित्र. तेल पाजलेल्या अर्धपारदर्शक कागदावर कोळशाने आणि मग शाईने चेहरा काढायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अशी कच्ची चित्रं आजही बरीच शिल्लक आहेत आणि काही वेळा ती पक्क्या चित्रांपेक्षा जिवंत वाटतात. मग चौकटीवर ताणलेल्या रेशमाला सरस आणि तुरटीचं पाणी द्यायचं, म्हणजे रंग फुटत नाही. कच्चं चित्र रेशमाखाली ठेवून रेघा वर उतरवायच्या.

खरी करामत यापुढे. कातडीचा मूळ रंग रेशमाच्या मागच्या बाजूने देतात. सफेदा आणि गेरूच्या जातीचे रंग पाठीमागून भरले की ते विणीतून झिरपल्यासारखे पुढे दिसतात. पुढच्या बाजूला फक्त रेघा आणि हलक्या छटा. त्यामुळे चेहऱ्याला आतून आल्यासारखा रंग येतो, रेघ रंगाखाली गाडली जात नाही आणि रंगाचे पोपडेही कमी सुटतात. कोरियनमध्ये या पद्धतीला "बेछे" म्हणतात.

अठराव्या शतकात आणखी एक गोष्ट आली. चेहऱ्याच्या स्नायूंच्या वळणाने केसाएवढ्या बारीक असंख्य रेघा ओढून मांसलपणा दाखवायचा. बीजिंगला जाणाऱ्या वकिलातींमधून युरोपीय चित्रांची ओळख झाली होती, तिचा हा परिणाम. पण युरोपसारखी एका बाजूने पडलेली सावली त्यांनी सरसकट घेतली नाही. प्रकाश सगळीकडून सारखा, खोलगट भाग तेवढा गडद. एका बाजूची सावली घेतली असती तर अर्धा चेहरा अंधारात गेला असता, आणि तिथले वण दाखवायचे कुठे?

पक्षीमित्र

छातीवरच्या चौकटीतल्या पक्ष्यांबद्दल कुणी सांगेल का? करकोचे वाटतात.

मोडीवाचक

क्रौंचच आहेत, लाल टाळूचे. उत्तर जोसॉनमध्ये मुलकी अधिकाऱ्यांना क्रौंच आणि लष्करी अधिकाऱ्यांना वाघ-बिबट्याच्या कुळातला प्राणी. वरच्या दर्जाला जोडी, खालच्या दर्जाला एकच. ही चौकटीची पद्धत 1454 मध्ये सुरू झाली, तेव्हाचे प्राणी-पक्षी वेगळे होते. या चौकटीवरून आणि कमरपट्ट्यावरून आजही चित्रातल्या माणसाचा हुद्दा आणि चित्राचा काळ ठरवता येतो.

दर्यावर्दी

इथे मी जरा विरोधी सूर लावतो. "सत्यनिष्ठ चित्रं" हे कौतुक अर्ध्याच चित्राला लागू आहे. चेहरा सोडा आणि मानेखाली बघा. सगळे एकाच साच्यातले. तोच अंगरखा, तीच खुर्ची, तेच बूट बाहेरच्या दिशेला वळवलेले, हात गायब. माणूस जाडा की बारीक, कुबड होतं का, हात थरथरत होते का, काही कळत नाही. ज्या अंगाने हुद्दा दाखवायचा तिथे खऱ्याची गरज कुणालाच वाटली नाही. चापलुसी चेहऱ्यावरून निघाली आणि कपड्यांवर जाऊन बसली, इतकंच.

आणि चिनी पूर्वजचित्रंही विधीसाठीच होती. त्यांत कितीतरी वेळा माणूस गेल्यावर, ठोकळेवजा चेहऱ्यांच्या नमुन्यांवरून चित्र काढत. म्हणजे विधी आहे म्हणून वण आले, हे कारण पुरत नाही.

रेघोट्या

दर्यावर्दी, चीनबद्दलचा मुद्दा पटला. साच्याबद्दल अर्धा पटला. राजाच्या चित्राच्या वेळी तर कामाची वाटणीच असे: मुख्य चित्रकार चेहऱ्याचा, दुसरा अंगाचा आणि वस्त्रांचा, आणखी काही रंग भरायला हाताखाली.

पण "मानेखाली सगळे सारखे" याला एक भारी अपवाद सांगतो. सॉ जिक-सूचं 1796 चं चित्र. हा काही मोठा मंत्री नव्हता, बेताच्या पदांवरचा सुखवस्तू विद्वान, वय 62. चेहरा काढला ई म्यॉंग-गीने, शरीर काढलं किम होंग-दोने, म्हणजे त्या काळातले दोन सर्वात नावाजलेले हात एका कापडावर. तो उभा आहे, खुर्ची नाही, बूट काढलेले, पांढऱ्या मोज्यांत चटईवर. अंगरख्याच्या घड्या आणि त्या मोज्यांचा भरीवपणा बघा, आत खरी पावलं आहेत हे जाणवतं.

आणि त्याने चित्रावर स्वतःच्या हाताने काय लिहिलं? की हे दोघे प्रसिद्ध चित्रकार, पण माझ्या मनाचा एक तुकडाही त्यांना रंगवता आला नाही. पुढे स्वतःबद्दलच खंत: डोंगरात राहून साधना करायची सोडून प्रसिद्ध पर्वत हिंडण्यात आणि किरकोळ लिखाणात आयुष्य घालवलं. त्याने चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चेहरा जमलाय हे त्याने गृहीतच धरलं होतं. अपेक्षा त्याहून पुढची होती.

कडुनिंब

असं गिऱ्हाईक कुठल्याही चित्रकाराला न मिळो!

शेवंती

यात बायका कुठे आहेत?

मोडीवाचक

शेवंतीताई, जवळजवळ नाहीतच. उत्तर जोसॉनमध्ये परक्या पुरुषाने समोर बसून कुलीन बाईचा चेहरा न्याहाळणं मान्यच नव्हतं, आणि चित्रकार सगळे पुरुष. एक केसही चुकू नये इतकं निरखायचं असेल तर तास न् तास बघावं लागतं. त्या अटीनेच बायकांना चित्राबाहेर ठेवलं. आयांची, आज्यांची पूजा पाटीवरच्या नावाने झाली, चेहरा मात्र राहिला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छे योंग-शिनसारख्या चित्रकारांनी बायकांची चित्रं काढली, तोवर राजवटच संपली होती.

शेवंती

म्हणजे अचूकतेचं एवढं कौतुक करताना तिची ही बाजूही धाग्यात नोंदली जायला हवी. पाचशे वर्षांचे पुरुष वणासकट समोर, आणि त्यांच्या आया-बायका-मुली कशा दिसत होत्या याचा पत्ता नाही. मला याचा राग येतो.

सुवोनकर

मी नोकरीनिमित्त सुवोनला राहतो, सोलच्या दक्षिणेला. छे जे-गोंगचं ते 1792 चं चित्र इथल्या ह्वासॉंग संग्रहालयाकडे आहे, आणि ते योग्यच आहे, कारण इथला किल्ला बांधण्याचं काम (1794 ते 1796) त्याच्याच देखरेखीखाली झालं.

संग्रहालयात त्याच्यासमोर उभं राहिलात तर डोळ्यांआधी हात दिसतील. दर्यावर्दी म्हणतात तसे हात गायब नाहीत इथे. एका हातात पंखा आणि त्याला लटकवलेली सुगंधी द्रव्याची छोटी थैली. दोन्ही राजाने दिलेल्या भेटी, आणि त्या दिसाव्यात म्हणूनच हात बाहेर. अंगात फिकट गुलाबी अंगरखा, खाली फुलांच्या नक्षीची चटई. बाजूला त्याचे स्वतःचे शब्द. भावार्थ असा की हे शरीर आणि तेज आईवडिलांचं देणं, डोक्यापासून टाचेपर्यंतचं सगळं राजाचं देणं, पंखा त्याची कृपा, सुगंधही त्याची कृपा, आणि हे ऋण फेडता येत नाही याची लाज वाटते.

पार्श्वभूमीही सांगतो. 1791 मध्ये जॉंगजोने स्वतःचं चित्र काढवून घेतलं आणि त्याच चित्रकाराला छे जे-गोंगचंही काढायला सांगितलं. राजाचं ते चित्र आज नाही. कोरियन युद्धात राजवाड्यातली राजांची चित्रं बुसानला हलवली होती, तिथे डिसेंबर 1954 मध्ये आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. छॉलजोंग राजाचं 1861 चं चित्र वाचलं, पण त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग जळालेला आहे. राजे गेले, त्यांच्या अधिकाऱ्यांची चित्रं मात्र घराण्यांनी गावोगाव जपली म्हणून राहिली.

मोडीवाचक

सुवोनकर, उत्तम प्रतिसाद. 1792 वरून एक आठवलं. त्याच साली पुण्यात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं तैलचित्र करत होता. दोन कर्ते कारभारी, एकच वर्ष. पण वेल्सचं चित्र दरबाराचं वैभव दाखवायला निघालेलं, आणि छे जे-गोंगचं त्याच्या घरच्यांनी त्याला ओळखावं म्हणून. नानांच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते वेल्सच्या चित्रावरून सांगायची माझी हिंमत नाही.

हिशेबनीस

खर्च किती यायचा अशा चित्राला? आणि चित्रकाराला पगार की बिदागी?

रेघोट्या

याचं चक्क लेखी उत्तर आहे. कांग से-ह्वांग हा मोठा अधिकारी, कवी आणि स्वतः उत्तम चित्रकार. सत्तरी ओलांडलेल्या उच्च अधिकाऱ्यांचं एक मानाचं मंडळ होतं, त्यात 1783 मध्ये त्याचा प्रवेश झाला, आणि जॉंगजोने त्याचं चित्र काढण्याचा हुकूम दिला. चित्रकार पुन्हा ई म्यॉंग-गी. कांगच्या मुलाने या कामाची सगळी टिपणं ठेवली: रेशीम कुठून आणलं, काम कधी सुरू झालं, चित्र कसं मढवलं. एकूण खर्च 37 न्यांग (तेव्हाचं कोरियन चलन), त्यातले चित्रकाराला 10. दरबारी चित्रशाळेच्या, म्हणजे दोह्वासॉच्या, चित्रकारांना सरकारी जागा असे, पण अशी बाहेरची कामंही ते घेत.

आदल्याच वर्षी, सत्तराव्या वर्षी, कांगने स्वतःच स्वतःचं चित्र काढलं होतं. त्यात डोक्यावर सरकारी काळी टोपी आणि अंगात घरगुती साधा झगा. सोबत लिहिलंय की मन डोंगरात आहे आणि नाव सरकारी यादीत. दर्यावर्दी, साच्याचा उपयोग असाही होतो. सगळ्यांना नियम पाठ असल्याशिवाय टोपी आणि झग्याची ती विजोड जोडी बोललीच नसती.

दर्यावर्दी

हे चित्र शोधून पाहिलं. मान्य, यात साचा मोडूनच सगळं सांगितलंय. चीनचा मुद्दा मात्र अजून उभा आहे.

डॉ_बकुळ

त्यावर माझा अंदाज मांडते. जोसॉनमध्ये अशी बरीच चित्रं माणूस जिवंत असताना, समोर बसवून काढली जात, आणि ती बघणारे पहिले लोक त्याला रोज भेटणारे असत. 1774 मध्ये यॉंगजो राजाने सेवेत असलेल्यांसाठी खास परीक्षा घेतली. त्यातल्या लष्करी शाखेच्या 18 यशस्वी उमेदवारांची चित्रं एका संग्रहपुस्तिकेत आहेत. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाने 2020 मध्ये रोगराईच्या इतिहासावर प्रदर्शन भरवलं, तेव्हा ती मांडली होती, कारण त्यांतल्या काही चेहऱ्यांवर देवीचे वण आहेत. हे परीक्षेत चमकलेले, बढतीच्या वाटेवरचे लोक. वणाची लाज असती तर याच पुस्तिकेत ते पुसले गेले असते. देवीतून वाचलेली माणसं तेव्हा घराघरांत होती. तो चेहरा वेगळा समजलाच जात नसणार.

नीलकंठी

पण मग आमच्याकडेही देवी घराघरांत होती. आम्ही पेन्सिल का फिरवली?

सुवर्णरेखा

नीलकंठी, हा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा चांगला आहे. सगळे प्रतिसाद वाचून मला जे वाटतं ते लिहिते.

स्टुडिओत जाणारा माणूस स्वतःसाठी, सोयरिकीसाठी, पाहुण्यांसाठी फोटो काढायचा. पाहुण्याने आपल्याला बरं समजावं ही इच्छा अगदी रास्त. जोसॉनच्या अधिकाऱ्याचा प्रेक्षक ठरलेला होता: नातू, पणतू, शिष्य, आणि ज्याच्या हुकमाने चित्र निघालं तो राजा. यांपैकी कुणालाही त्याला पसंत करायचं नव्हतं. त्यांना तो ओळखायचा होता. छे जे-गोंगचे डोळे सरळ केले असते तर जॉंगजोने विचारलं असतं, हा कोण? दर्यावर्दींचं म्हणणंही यात बसतं. हुद्दा सगळ्यांचा सारखा असू शकतो, म्हणून कपडे सारखे चालतात. ओळख पटवायचं सगळं ओझं चेहऱ्यावरच येतं, आणि ते चित्रकाराने पूर्ण पेललं.

शेवंतीताईंचा राग मात्र मला पटतो, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सुवोनकर

याला जोडून एक. ह्वांग ह्यॉन नावाचा कवी-विद्वान. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला तेव्हा त्याने विष घेऊन जीव दिला. पुढच्या वर्षी छे योंग-शिनने त्याचं चित्र काढलं, 1909 च्या छायाचित्रावरून. छायाचित्र हाताशी असताना चित्र कशाला? कारण स्मृतीसाठी चित्रच लागतं ही समजूत अजून जिवंत होती. चित्रकाराने त्याला पारंपरिक विद्वानाचा वेश दिला, चटईवर बसवलं, हातात पंखा आणि पुस्तक दिलं. एवढं सगळं बदललं, पण डोळ्यांवरचा गोल चष्मा आणि त्यामागचा तिरळेपणा ठेवला.

रेघोट्या

हे माहीत नव्हतं. आजच शोधून बघतो.

ज्यांना सोलला जायचं आहे त्यांच्यासाठी: रेशमावरची चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून ती आलटून पालटून मांडतात. एखादं ठरावीक चित्र बघायचं असेल तर निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते सध्या दालनात आहे का ते तपासा. आणि शक्य असेल तर कच्ची चित्रं मांडलेली असतानाच जा. तेलकट कागदावरच्या त्या चेहऱ्यांना ना टोपीचा आधार ना क्रौंचांचा.

पक्षीमित्र

क्रौंचांवर वेगळा धागा काढतोय. मोडीवाचक, 1454 च्या यादीतले पक्षी तिथे लिहाल का?